डावीकडची मोकळी जागा

जोविटो गेला गुरुवारी, कुणाच्या तरी पांढऱ्या गाडीतून.
मागच्या सीटवर बूट, आईने बरणीत भरून दिलेलं सुंगटांचं बाल्शांव,
आणि आमच्या क्लबचं ना-हरकत पत्र.
त्यावर सेक्रेटरींनी सही केली, चष्मा काढला,
मग पुन्हा घालून तारीख लिहिली.

पैसे आले ते कमिटीने टेबलावर मोजले. दोनदा.
गवत कापायचं यंत्र येईल. कालव्याच्या बाजूला जाळी लागेल,
चेंडू पाण्यात जायचा बंद होईल.
कायतान काका दारातूनच म्हणाले,
"तिथवर चेंडू नेणारा तरी कोण उरलाय आता?"
कुडचड्याच्या स्टेशनातून मालगाडी सुटली,
ती संपेपर्यंत कुणालाच बोलावं लागलं नाही.

मी वीजखात्यात लाइनमन. वय चौतीस.
अकरा वर्षं मधल्या फळीतून चेंडू देतोय
डावीकडे, बचावाच्या पाठीमागे,
जिथे कोणी नसायचं,
आणि मग तो असायचा.

मंगळवारी यादी झाली.
शिरोड्याचा एक आहे, उंच, पण गुडघा.
सावर्ड्याच्या जुळ्यांतला एक वाऱ्यासारखा पळतो,
कुठला ते त्यांच्या आईला विचारावं लागेल.
मडगावचा मागतो महिन्याला जेवढे
तेवढ्यात क्लबचं वर्षाचं वीजबिल भागतं
(भरायला मीच जातो, म्हणून सांगतो).
आपल्या पोदेराचा आर्थुर: पहाटे तीनला भट्टीवर,
संध्याकाळी मैदानात उभ्या उभ्या पेंगतो,
हेडर मारतो तोही डोळे मिटून.
सगळ्यात खाली पेन्सिलीने: गुणो वेळीप, सतरा.
पुढे प्रश्नचिन्ह.

बुधवारी सरावात पायाने सवयीने तेच केलं.
चेंडू गेला जिथे जायचा तिथे,
तिथून रेषेबाहेर, उतारावरून घरंगळत कालव्यात,
आणि बदकासारखा तरंगत राहिला.
असं चारदा.
पाचव्यांदा, कमरेएवढ्या पाण्यात हात लांबवताना,
लक्षात आलं:
माझे पास चांगले नव्हते.
कधी हातभर लांब, कधी गुडघ्याच्या उंचीवर,
कधी नुसतेच उशिरा.
तो पोचायचा. मान मोडून, एका पायावर, पडता पडता
माझी चूक उचलून जाळ्यात ठेवायचा,
आणि मग साऱ्या मैदानासमोर बोट माझ्याकडे करून धावत यायचा,
जणू मीच.
गाव म्हणायचं, याच्या पायाला डोळे आहेत.
होते. तो गाडीत घेऊन गेला.

ओल्या चड्डीने वर आलो तर गुणो उभा,
दुसऱ्याचे बूट, पुढे कागद कोंबलेला.
"खंय उबो रावूं?" त्याने विचारलं.
अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
बोट डावीकडे केलं, मग जरा मागे, मग म्हटलं, थांब,
आणि स्वतःच चालत गेलो त्या जागेवर.
तिथून मैदान वेगळंच दिसतं.
ऊन थेट डोळ्यांवर येतं. गोलाचा एकच खांब दिसतो.
आणि मी ज्या जागेवर असतो
ती केवढी दूर आहे.

परत आलो. चेंडू खाली ठेवला.
मारण्याआधी मान वर करून पाहिलं, तो आहे का.
होता. पाय फाकवून, कुणी विजेचा खांब रोवावा तसा.
हळू दिला.
त्याच्या नडगीला लागून चेंडू उडाला
आणि उताराला लागला.

जाळी शनिवारी येणार म्हणतात.
गुणो तोवर पाण्यात शिरलाही होता, बुटांसकट.
"बूट काढ रे," मी ओरडलो,
आणि मागच्या मागे माझेही सोडायला बसलो.